किती घासावे, किती सोलावे : उन्हाच्या मुलखातील चेहऱ्याची निगा

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात आणि तो पूर्णपणे मृत पेशींचा बनलेला असतो. बाह्यत्वचेच्या तळाशी नवी पेशी जन्मते, वर सरकताना तिच्यातील केंद्रक नाहीसे होते, केराटिन हे चिवट प्रथिन तिच्यात साठते आणि ती चपटी, कोरडी होऊन पृष्ठभागावर येते. तरुणपणी या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात आणि वयाबरोबर हा काळ वाढत जातो. पृष्ठभागावरील पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे सूक्ष्म दुवे त्वचेतीलच विकरे, म्हणजे एन्झाइम, तोडत असतात, त्यामुळे जुन्या पेशी नजरेस न पडता रोज गळून जातात. ही गळती मंदावली, असमान झाली किंवा तेलकटपणामुळे पेशी छिद्रांत अडकून राहिल्या, की चेहरा निस्तेज व खरखरीत वाटू लागतो. साचलेल्या या पेशी बाहेरून काढून टाकण्याच्या सर्व उपायांना मिळून एक्सफोलिएशन असे नाव आहे. घरचे उटणे, दुकानातला स्क्रब, आम्लयुक्त सीरम, पार्लरमधला क्लीनअप, डॉक्टरांकडील केमिकल पील आणि लेसर हे सारे एकाच कुळातले उपाय असले, तरी ते त्वचेत किती खोल जातात आणि चुकले तर किती नुकसान करतात यात फार मोठे अंतर आहे.

शृंगस्तर मृत असला तरी निरुपयोगी नाही, ही गोष्ट निवड करण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे. या पेशींच्या मधल्या जागा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांनी भरलेल्या असतात. त्यांच्यामुळे शरीरातील पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरील जंतू, धूळ व रसायने आत शिरत नाहीत. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा अंक, साधारण 5 च्या आसपास राहतो, आणि मृत पेशी गळवणारी विकरेही याच आम्लतेवर अवलंबून असतात. अंगाच्या साबणाचा सामू बहुधा 9 ते 10 असतो. बोअरच्या जड पाण्यात असा साबण दिवसातून तीन-चार वेळा चेहऱ्याला लावला जातो, तेव्हा त्वचा कोरडी पडते, तिच्यावर कोंड्यासारखे पापुद्रे दिसतात आणि ते काढण्यासाठी पुन्हा घासण्याची इच्छा होते. अशा चेहऱ्याला गरज असते ती सौम्य फेसवॉशची आणि मॉइश्चरायझरची. कित्येकांच्या बाबतीत एवढ्या बदलानेच एक्सफोलिएशनचा प्रश्न मिटतो, म्हणून कोणताही सोलणारा उपाय सुरू करण्यापूर्वी तीन-चार आठवडे हा बदल करून पाहणे शहाणपणाचे आहे.

हा लेख ज्या उन्हाच्या मुलखासाठी आहे, त्यातील मुखेड हा नांदेड जिल्ह्याचा, लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला तालुका आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि खुरपणी, कापूसवेचणी, सोयाबीनची काढणी अशा कामांमुळे शेतावरील स्त्री-पुरुषांचा चेहरा वर्षातील बहुतेक महिने उन्हातच असतो. सौंदर्यविषयक सल्ला मात्र पुष्कळदा थंड, ढगाळ देशांतील गोऱ्या त्वचेला समोर ठेवून लिहिलेला असतो आणि मोबाइलवरून तो जसाच्या तसा येथे पोहोचतो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून तिचे वर्गीकरण सुचवले. आज रूढ असलेल्या त्याच्या सहा प्रकारांपैकी बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडते. या त्वचेत मेलॅनिन हे रंजकद्रव्य तयार करणाऱ्या पेशी अधिक क्रियाशील असतात. उन्हाने होणाऱ्या हानीपासून त्या काही प्रमाणात संरक्षण देतात, परंतु घर्षण, भाजणे, आम्लाचा चटका, फोडलेली पुटकुळी अशा कोणत्याही दाहाला त्या जास्तीचे रंजकद्रव्य बनवून उत्तर देतात, आणि लाली ओसरल्यावर मागे उरणारा तपकिरी-काळा डाग महिनोन्‌महिने टिकतो. वैद्यकात याला दाहोत्तर कृष्णता म्हणतात. गोऱ्या त्वचेवर जास्तीचे सोलणे चार दिवसांची लाली देऊन जाते. सावळ्या त्वचेवर तेच सोलणे वर्षभराचा डाग देऊ शकते. म्हणूनच मराठवाड्यातील वाचकाने कोणता उपाय सर्वांत प्रभावी हा प्रश्न बाजूला ठेवून, आपल्या तक्रारीला पुरेल असा सर्वांत सौम्य उपाय कोणता आणि त्यानंतर आपल्याला किती ऊन सोसावे लागणार आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

घासून मृत पेशी काढण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत अंगाला चूर्ण लावून चोळण्याचे उद्घर्षण आणि स्निग्ध कल्क लावून मर्दन करण्याचे उत्सादन असा भेद केलेला आढळतो; दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल आणि मग उटणे हा क्रम याच विचाराचा आहे. तेल आधी लावल्याने उटण्याचे कण त्वचेवर ओरखडत नाहीत, घसरतात. हा क्रम मोडून कोरड्या चेहऱ्यावर कोरडे पीठ रगडले, तर त्याच उटण्याचा जाच होतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मुखलेपाविषयी दिलेले नियम तर आजच्या पार्लरच्या भिंतीवर लावण्यासारखे आहेत : लेप चेहऱ्यावर पूर्ण वाळू देऊ नये, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो, काढण्यापूर्वी तो ओला करावा, आणि लेप लावल्यावर ऊन व आगीची धग टाळावी. मुलतानी माती चेहऱ्यावर तडकेपर्यंत वाळवून नंतर खरवडून काढण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती या नियमांच्या नेमकी उलट आहे. वाळताना माती तेलाबरोबर त्वचेतील ओलावाही शोषून घेते आणि ती खरवडताना चांगल्या पेशीही उखडल्या जातात.

घरगुती घासण्यात मसुरीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे बारीक वस्त्रगाळ पीठ दुधात, सायीत किंवा दह्यात कालवून, बोटांच्या टोकांनी, दाब न देता, अर्धा-एक मिनिट फिरवणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकार आहे आणि सामान्य किंवा तेलकट, पण मुरूम नसलेल्या चेहऱ्याला तो आठवड्यातून एकदा पुरतो. साखर, जाडे मीठ, रवा, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा यांच्या कणांच्या कडा अनियमित व टोकदार असतात, त्यामुळे ते टाचांना चालतील, चेहऱ्याला नाही. वजरी, नायलॉनची जाळी, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी यांविषयी अधिक कडक बोलावे लागते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना घर्षणजन्य काळवंडणे हा विकार चांगला परिचयाचा आहे : मळ निघत नाही असे वाटून एखादी व्यक्ती गळ्याखालचे हाड, पाठ, दंड, कपाळ वर्षानुवर्षे जाळीने घासते, त्या जागी घर्षणामुळेच तपकिरी-काळा रंग चढतो, तो मळ समजून ती आणखी जोरात घासते आणि डाग गडद होत जातो. या विकाराच्या उपचाराची पहिली पायरी घासणे थांबवणे हीच आहे.

लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट चेहऱ्यावर चोळण्याचे सल्ले ऐकणाऱ्यांनी त्यामागील रसायन समजून घ्यावे. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 3 इतका तीव्र आम्लधर्मी असतो आणि लिंबाच्या, विशेषतः त्याच्या सालीच्या रसात फ्युरोकुमारिन गटातील द्रव्ये असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर ओघळाच्या आकाराचे काळे पट्टे राहतात. काही उटण्यांत बावची घातलेली असते. तिच्यातील सोरालेन याच गुणामुळे कोडाच्या उपचारात उन्हाबरोबर मुद्दाम वापरले जाते, म्हणून तयार उटण्याच्या पुडीवर बावचीचे नाव असल्यास ते लावून शेतात जाऊ नये. सोडा दुसऱ्या टोकाला, अल्कधर्मी, आहे आणि त्वचेची नैसर्गिक आम्लता तो मोडून टाकतो. टूथपेस्ट दातांसाठी बनवलेली असते, यापेक्षा त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

आम्लांच्या साहाय्याने मृत पेशी काढण्याला रासायनिक एक्सफोलिएशन म्हणतात. रासायनिक या शब्दाने अनेकजण बिचकतात, पण योग्य आम्ल योग्य प्रमाणात वापरले तर ते जाळीपेक्षा सौम्य ठरते, कारण ते पेशींना ओरबाडत नाही, त्यांच्यातील दुवे सैल करते. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुए यू या दोन अमेरिकी संशोधकांनी 1974 मध्ये माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या इक्थिओसिस या आजारात अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा परिणाम दाखवून दिला, आणि आज बाजारात दिसणारी बहुतेक सीरमे त्या संशोधनाची वंशज आहेत. या गटाला बाटलीवर एएचए असे लिहिलेले असते. त्यातील ग्लायकोलिक आम्ल उसात सापडते; त्याचा रेणू गटात सर्वांत लहान असल्याने ते सर्वांत वेगाने आत शिरते, म्हणून परिणामही चटकन दिसतो आणि चटकाही चटकन बसतो. लॅक्टिक आम्ल दह्या-ताकात असते. ते ओलावा धरून ठेवणारे असल्यामुळे कोरड्या त्वचेला मानवते. मँडेलिक आम्लाचा रेणू मोठा आहे, ते सावकाश शिरते, आणि मुरूम गेल्यावर डाग मागे राहिलेल्या सावळ्या चेहऱ्यासाठी सुरुवात याच आम्लाने करणे बहुधा योग्य ठरते. दही किंवा उसाचा रस थेट चेहऱ्याला लावून बाटलीतल्या आम्लासारखा परिणाम मिळत नाही, कारण त्यातील आम्लाचे प्रमाण अल्प आणि अनिश्चित असते. मात्र दह्याने फारसे नुकसानही होत नाही.

सॅलिसिलिक आम्ल हे बीएचए या वेगळ्या गटातले आहे. ते तेलात विरघळते, म्हणून तेलाने भरलेल्या छिद्रात उतरून तेथे अडकलेला मळ सैल करू शकते, शिवाय दाहही काही प्रमाणात कमी करते. काळ्या-पांढऱ्या बारीक पुटकुळ्या, तेलकट नाक व कपाळ असलेल्या तरुण-तरुणींसाठी अर्धा ते दोन टक्के सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश किंवा सीरम ही सर्वांत योग्य निवड आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे, कारण दोन्ही द्रव्ये एकाच कुटुंबातील आहेत. पीएचए हा तिसरा गट, ज्यात ग्लुकोनोलॅक्टोनसारखी मोठ्या रेणूची आम्ले येतात, सर्वांत सौम्य असतो आणि पटकन चुरचुरणाऱ्या त्वचेला तोच आधी द्यावा. पपईतील पपेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही विकरे केराटिनचे तुकडे करतात. तयार पावडरीच्या रूपात ती उपयोगी आहेत, परंतु कच्च्या पपईचा चीक थेट चेहऱ्याला लावल्यास त्वचा पोळते.

बाटली विकत घेताना टक्केवारीकडे पाहावे. सौंदर्यप्रसाधनांतील घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञमंडळाने घरगुती वापरासाठी एएचएचे प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत आणि सामू 3.5 पेक्षा खाली नसलेला, अशी मर्यादा सुचवलेली आहे. घरी वापरण्यासाठी 30 टक्क्यांचे किंवा त्याहून तीव्र पील ऑनलाइन सहज मिळतात, आणि नेमक्या अशा द्रवांमुळे भाजल्याच्या तक्रारी येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2024 मध्ये त्यांविषयी जाहीर इशारा दिला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने 5 टक्के लॅक्टिक किंवा मँडेलिक आम्ल घ्यावे, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी, आणि मग आठवड्यातून एकदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर लावावे. महिनाभर त्रास झाला नाही तर आठवड्यातून दोनदा, यापुढे सहसा जाऊ नये. ज्या रात्री रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन लावायचे असेल त्या रात्री आम्ल लावू नये. दोन प्रकारची आम्ले एकाच वेळी, आणि वर आठवड्याचा स्क्रब, अशी मिसळ टाळावी.

पार्लरमध्ये मिळणाऱ्या सेवांपैकी क्लीनअप म्हणजे वाफ, सौम्य स्क्रब आणि नाकावरील काळ्या पुटकुळ्या काढणे. तो निर्जंतुक साधनांनी आणि हलक्या हाताने झाला तर लग्नाआधी चेहरा टवटवीत करण्यास पुरेसा असतो. फ्रूट फेशियलमध्ये मालिशीचा आणि मॉइश्चरायझरचा भाग मोठा व फळातील आम्लाचा भाग नगण्य असतो. ब्लीच हे एक्सफोलिएशन नव्हेच : त्यातील हायड्रोजन पेरॉक्साइड बारीक लव फिकट करते आणि त्यामुळे चेहरा उजळल्याचा भास होतो, डी-टॅन नावाने लावल्या जाणाऱ्या काही पॅकमध्येही हेच द्रव्य असते, म्हणून ब्लीच, डी-टॅन आणि स्क्रब एकाच बैठकीत करून घेऊ नये. मायक्रोडर्माब्रेजन यंत्रात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिक किंवा हिऱ्याचे कण बसवलेले टोक त्वचेवर फिरवून वरचा थर घासला जातो आणि चुरा शोषून घेतला जातो. खरखरीतपणा आणि उथळ निस्तेजपणासाठी ते ठीक आहे, पण एकाच जागी टोक पुन्हापुन्हा फिरवणाऱ्या अननुभवी हातात ते सावळ्या त्वचेवर रेघा उमटवते. डर्माप्लेनिंगमध्ये धारदार पात्याने लव आणि मृत पेशी खरडल्या जातात. लव नंतर अधिक जाड उगवते हा समज खरा नाही, परंतु मुरूम किंवा चामखीळ असलेल्या चेहऱ्यावर पाते फिरवू देऊ नये आणि पाते नवे, आपल्यासमोर फोडलेले असावे, असा आग्रह धरावा. रोज दाढी करणाऱ्या पुरुषांच्या गालाची मृत त्वचा वस्तऱ्यानेच निघत असते, त्यांना दाढीच्या भागावर वेगळ्या स्क्रबची गरज पडत नाही.

पार्लरमधील खरा धोका यंत्रांपेक्षा बिननावाच्या डब्यांत आहे. डब्यावर निर्मात्याचे नाव, घटक, परवाना क्रमांक व मुदत छापलेली नसेल, तर आठवडाभरात उजळवणाऱ्या त्या क्रीममध्ये पारा, तीव्र स्टेरॉइड किंवा हायड्रोक्विनोन असण्याची शक्यता धरून चालावे. अकोल्यातील एका तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार जडला आणि त्या वापरत असलेल्या, स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत उघड झाले, ही बातमी 2023 मध्ये महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी छापली होती. डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता सौंदर्यप्रसाधनांत नकळत येणाऱ्या पाऱ्याची भारतातील मर्यादा दहा लाख भागांत एक भाग इतकी आहे. पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि आईच्या कुशीत झोपणाऱ्या बाळापर्यंतही पोहोचू शकतो, म्हणून या बाबतीत भिडस्तपणा उपयोगाचा नाही.

स्टेरॉइडमिश्रित मलमांची गोष्ट मराठवाड्यात अधिक मोठी आहे, कारण ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतली जातात आणि मैत्रिणीच्या सल्ल्याने वर्षानुवर्षे चेहऱ्याला लावली जातात. केंद्र सरकारने 2018 मध्ये चौदा स्टेरॉइडे असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी त्यांचा वापर थांबलेला नाही. ही मलमे सुरुवातीला चेहरा उजळवतात आणि नंतर त्वचा पातळ करतात, तिच्यावर लाल शिरा, लव व पुरळ उगवतात, आणि मलम बंद केले की आग होते, म्हणून रुग्ण पुन्हा मलमाकडे वळतो. अशा चेहऱ्यावर कोणतेही एक्सफोलिएशन, अगदी डाळीचे पीठसुद्धा, वर्ज्य आहे. ज्याने अशी मलमे महिन्याहून अधिक काळ लावली आहेत त्याने सोलण्याचा विचार सोडून प्रथम त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे.

डॉक्टरांकडील केमिकल पील हा घरगुती सीरमचाच तीव्र अवतार असे समजणे चुकीचे आहे. टक्केवारी वाढली की खोली बदलते आणि खोली बदलली की जखम बदलते. उथळ पील बाह्यत्वचेपुरते राहते, मध्यम पील अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत पोहोचते आणि फिनॉलचे खोल पील त्याहून खाली जाते. भारतीय त्वचेवर खोल पील टाळावे याविषयी तज्ज्ञांत व्यापक एकमत आहे. ग्लायकोलिक आम्लाचे पील 20 ते 70 टक्क्यांपर्यंत असते, ते काही मिनिटेच ठेवून सोड्याच्या द्रावणाने निष्प्रभ केले जाते. सॅलिसिलिकचे 20 ते 30 टक्के पील लावल्यावर पांढरी पूड जमते, ती आम्लाची असते, त्वचा जळाल्याची नव्हे. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल मात्र प्रथिने गोठवून त्वचा खरोखरच पांढरी करते आणि ते अत्यंत कुशल हातातच शोभते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांत पीलपूर्वी दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली मलमे लावून त्वचा तयार करण्यावर भर दिलेला आहे. पहिल्याच भेटीत, कोणतीही तयारी न करता, थेट पील लावू पाहणाऱ्या ठिकाणाहून उठून येण्यात संकोच बाळगू नये. ओठांवर वारंवार पाणीदार फोड उठणे, जखमेचा व्रण वाढून गाठीसारखा होणे, गरोदरपण, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असणे, या गोष्टी न विचारताही डॉक्टरांना सांगाव्यात. पीलच्या चार ते सहा बैठका दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने होतात, त्यामुळे एका बैठकीत कायमचा परिणाम देण्याचे आश्वासन खोटे असते.

लेसरविषयी थोडक्यात एवढेच सांगणे पुरे, की खड्ड्यांच्या व्रणांसाठी वापरला जाणारा फ्रॅक्शनल लेसर उष्णतेने काम करतो आणि सावळ्या त्वचेत काळे डाग मागे ठेवू शकतो. निव्वळ निस्तेजपणासाठी तो घेण्याचे काहीच कारण नाही.

निवडीचा निर्णय तक्रारीच्या निदानावर अवलंबून असल्याने, चेहऱ्यावर जे दिसते आहे ते मृत पेशींमुळे आहे की दुसऱ्याच कारणाने, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरते. गालांवर आणि कपाळावर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले वांग हे ऊन, संप्रेरके आणि अनुवंश यांतून येते. घासल्याने ते वाढते, त्याचा पहिला उपचार सनस्क्रीन हाच आहे, आणि पुष्कळ तज्ज्ञ चुलीची धगही त्याला पोषक मानतात. मानेवर व गालांच्या कडेला मखमलीसारखी जाड काळी त्वचा दिसत असेल तर ती अकँथोसिस नायग्रिकन्स असू शकते. तिचा संबंध बहुधा वाढलेल्या वजनाशी आणि इन्सुलिनच्या कामातील बिघाडाशी असतो, म्हणून तेथे स्क्रबपेक्षा रक्तातील साखरेची तपासणी अधिक उपयोगी पडते. कडेला उठावदार आणि खाज असलेला गोल चट्टा गजकर्णाचा असू शकतो, आणि तो घासल्याने पसरतो. फिकट रंगाचा, स्पर्श न कळणारा चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. औषध मोफत मिळते आणि वेळेवर घेतल्यास आजार पूर्ण बरा होतो. मुरमांनंतरचे खोल खड्डे कोणत्याही सीरमने भरत नाहीत. लाल, दुखरे, पू असलेले मुरूम चालू असताना दाणेदार स्क्रब लावणे म्हणजे दाह आणि डाग दोन्ही वाढवणे होय.

उपाय कोणताही निवडला तरी उन्हाचा हिशेब चुकवता येत नाही. एएचए वापरल्यावर त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते आणि वापर थांबवल्यावर साधारण आठवड्याने ती पूर्ववत होते. म्हणून पाच-सहा तास शेतात काढणाऱ्या व्यक्तीने पेरणी-काढणीच्या दिवसांत आम्ल बंद ठेवावे, किंवा फक्त धुऊन टाकायचा सौम्य फेसवॉश वापरावा. सनस्क्रीन किमान एसपीएफ 30 चे, तर्जनी व मधल्या बोटावर पूर्ण लांबीभर घेतलेल्या दोन रेघांइतके, चेहरा व मान मिळून लावावे आणि घाम आल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन घ्यावे, कारण दृश्य प्रकाशानेही सावळी त्वचा काळवंडते. ज्यांना हा खर्च परवडत नाही त्यांनी दाट विणीचा सुती पदर, ओढणी किंवा उपरणे चेहऱ्यावर घ्यावे आणि सोलणारा उपाय मुळातच घेऊ नये. उन्हापासूनचे संरक्षण वाचवून सोलणे येथे चालत नाही. पीलच्या बैठका दिवाळीनंतर सुरू करून थंडीत संपवाव्यात. उन्हाळ्यातील लग्नाचा मुहूर्त ठरला असेल तर शेवटचे पील किमान तीन आठवडे आधी झालेले असावे, आणि हळदीच्या आठवड्यात नवे कोणतेच द्रव्य चेहऱ्याला लावू नये. हळदीपूर्वी चेहऱ्यावर थोडे खोबरेल लावल्यास पिवळा रंग व कोरडेपणा दोन्ही कमी राहतात.

अतिरेक झाल्याची लक्षणे ओळखता यावीत. चेहरा काचेसारखा ताणलेला व चकचकीत दिसणे, साध्या पाण्यानेही चुरचुरणे, नेहमीचे क्रीम झोंबू लागणे, एकाएकी बारीक पुरळ उठणे, ही शृंगस्तर फाजील पातळ झाल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सर्व आम्ले, स्क्रब, व्हिटॅमिन सीचे सीरम आणि वाफ बंद करून सौम्य फेसवॉश, सुवास नसलेले मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन, आणि सनस्क्रीन एवढेच दोन ते चार आठवडे ठेवावे. डाग दिसू लागला म्हणून तो पुसण्यासाठी नवे आम्ल आणू नये. फोड, पाणी येणे, सूज किंवा खपली असल्यास घरी थांबू नये. नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष चालतो, आणि मुखेडहून एसटीने दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येते. खासगी दवाखान्यात जायचे असल्यास डॉक्टरांच्या पाटीवर त्वचारोगातील पदव्युत्तर पदवी किंवा पदविका आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. तपासणीला जाताना चेहरा मेकअपशिवाय ठेवावा आणि गेल्या सहा महिन्यांत वापरलेली प्रत्येक ट्यूब, पुडी व डबी, लेबल नसलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्यावी. डॉक्टरांना निदानासाठी चेहऱ्याइतकीच त्या पिशवीचीही गरज असते.